जामीन कळतो, गॅरंटर कळत नाही

तापीकाठच्या बुऱ्हाणपुराहून आमच्या एका जुन्या वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आले. हे गृहस्थ मूळचे आपल्याच किनाऱ्यावरचे. शिक्षकी पेशाच्या निमित्ताने तिकडे गेले आणि निवृत्तीनंतर तिथेच स्थिरावले. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू आणि नातवाच्या तोंडी इंग्रजी, अशा चार भाषांच्या चव्हाट्यावर त्यांचे दिवस जातात. इंग्रजी वर्तमानपत्रांत आणि नातवाच्या भ्रमणध्वनीवर भेटलेल्या, पण अर्थ न लागलेल्या शब्दांची एक यादी त्यांनी पत्रासोबत जोडली असून, या शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत छापावेत, अशी विनंती केली आहे. डेको, कुशी, ब्लायटी, डुलाली हे चार शब्द एका ओळीत आहेत. बँकरप्ट, गॅझेट, क्वारंटाइन, फियास्को, इन्कॉग्निटो, कॅसिनो हे सहा दुसऱ्या ओळीत. आणि यादीच्या तळाशी, वेगळ्या शाईने, एकच शब्द लिहिला आहे: गॅरंटर.

या शेवटच्या शब्दामागे एक हकीकत आहे. पत्रलेखकांचे शेजारी यंत्रमागावर कापड विणून संसार चालवतात. एका स्नेह्याने कर्ज काढताना त्यांना सोबत नेले आणि ‘गॅरंटर म्हणून सही कर’ असे सांगितले. पंख्याची गॅरंटी, घड्याळाची गॅरंटी हे शब्द त्यांच्या कानावरून गेलेले होते. तेव्हा हा माणूस सचोटीचा आहे, एवढेच आपण लिहून देत आहोत, अशा समजुतीने त्यांनी इंग्रजी कागदावर सही केली. स्नेह्याचे हप्ते थकले आणि वसुलीची नोटीस या विणकराच्या दारात आली. ‘मी एक पैसाही घेतला नाही, मग मी का भरायचे?’ हा त्यांचा प्रश्न. मास्तरांनी तो आमच्याकडे धाडला आहे.

यादीतल्या इतर शब्दांविषयीचे कुतूहल मनोरंजक आहे. या एका शब्दाविषयीचे अज्ञान मात्र एका घराच्या मुळावर आले आहे. म्हणून ज्या शब्दांनी कोणाचे नुकसान झालेले नाही, त्यांच्यापासून आरंभ करून या शब्दापाशी येऊ.

पहिल्या ओळीतले चारही शब्द इंग्रज शिपायांच्या बोलीतले. सभ्य इंग्रजीच्या दिवाणखान्यात त्यांना उशिराच प्रवेश मिळाला. गंमत अशी की, हे चारही शब्द आपल्याकडूनच गेलेले आहेत. ‘डेको’ म्हणजे आपला ‘देखो’. एखाद्या गोष्टीवर ओझरती नजर टाकणे, हा त्याचा इंग्रजी अर्थ. ‘कुशी’ हा शब्द यादीत पाहून आम्हीही क्षणभर थबकलो. परंतु त्याचा आईच्या कुशीशी संबंध नाही. तो आहे ‘खुशी’. फारसे कष्ट नसलेल्या सुखाच्या नोकरीला इंग्रज हे विशेषण लावतो. ‘ब्लायटी’ म्हणजे ‘विलायती’. परदेशात लढणाऱ्या इंग्रज शिपायाला घराची आठवण आली, की तो स्वतःच्या देशाचा उल्लेख आपण त्याच्या देशाला दिलेल्या नावाने करीत असे!

चौथा शब्द तर साक्षात महाराष्ट्राचा आहे. ‘डुलाली’ म्हणजे नाशिकजवळची देवळाली. एकोणिसाव्या शतकात तिथे इंग्रजांची लष्करी छावणी झाली. हिंदुस्थानातली मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत या छावणीत राहत. जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या दिवसांतच सुटत; त्यामुळे ज्याची मुदत अवेळी संपे, त्याला महिनोन्‌महिने तिष्ठत बसावे लागे. काम नाही, धंदा नाही, वर उन्हाळा आणि ताप. यात कित्येकांचे डोके फिरे. अशा माणसाला ‘डुलाली टॅप’ झाला म्हणत. त्यातला ‘टॅप’ हा आपलाच ताप. आज लंडनमध्ये एखाद्याला डुलाली म्हणणाऱ्याला देवळालीचे आगगाडीचे स्थानक ठाऊक नसते. परंतु त्याच्या तोंडी एक मराठी गाव आणि एक मराठी दुखणे नांदत असते.

अशा शब्दांचा भला मोठा कोश हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या कोशाचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे नावही मोहरमच्या मिरवणुकीतल्या ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा इंग्रजी कानाने केलेला अपभ्रंश आहे. ज्यांनी आपल्यावर राज्य केले, त्यांच्या जिभेवर आपल्या शब्दांनी काही अंशी राज्य केले, हे ध्यानात ठेवले म्हणजे परकीय शब्दांपुढे उगाच दबून जाण्याचे कारण उरत नाही.

दुसऱ्या ओळीतले शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आले असले, तरी ते इटलीच्या मातीतून निघालेले आहेत. हिशेबाची वही, समुद्रावरचा व्यापार, रंगभूमी आणि संगीत यांत एके काळी इटलीतली नगरे युरोपची गुरू होती. ज्याची विद्या, त्याचा शब्द, हा भाषेचा सनातन नियम आहे. ‘बँक’ म्हणजे मुळात सावकाराचा बाक, ज्यावर नाणी मांडून तो देवघेव करी. ‘बँकरप्ट’ म्हणजे मोडलेला बाक. ज्याने दिवाळे काढले, त्याचा बाक मोडला असे समजत. आपल्याकडे पेढी बुडते, त्यांच्याकडे बाक मोडतो. ठेवीदाराचे हाल दोन्हीकडे सारखेच.

‘गॅझेट’ हे व्हेनिसमधले एक हलके नाणे. बातमीपत्राची किंमत तेवढी असे, म्हणून बातमीपत्रालाच ते नाव पडले. गोव्यातले पहिले वृत्तपत्र १८२१ मध्ये निघाले तेही ‘गझेता द गोवा’ या नावाने. आम्हां पत्रव्यवसायातल्या मंडळींना अहंकाराची बाधा झाली, की आपल्या धंद्याच्या एका नावाचा मूळ अर्थ ‘एक क्षुद्र नाणे’ असा आहे, याचे स्मरण औषधासारखे उपयोगी पडावे!

‘क्वारंटाइन’ म्हणजे चाळीस दिवस. रोगाची साथ असलेल्या बंदरातून आलेली जहाजे किनाऱ्यापासून दूर उभी करून ठेवण्याची ती मुदत होती. २०२० च्या महासाथीत हा शब्द आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला; चाळिसाचे चौदा दिवस झाले तरी नाव तेच राहिले. ‘इन्कॉग्निटो’ म्हणजे ओळख लपवून वावरणारा. आपल्याकडे यासाठी ‘अज्ञातवास’ हा महाभारताइतका जुना शब्द आहे. मास्तरांच्या नातवाला एवढेच सांगावे की, भ्रमणध्वनीवरचा हा अज्ञातवास फार कच्चा असतो. आपण काय पाहिले, याची नोंद त्या यंत्रात राहत नाही इतकेच. जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला आणि पाहिलेल्या संकेतस्थळांना आपला माग लागू शकतो. विराटाच्या घरीसुद्धा कीचकवधानंतर संशय आलाच होता.

‘कॅसिनो’ म्हणजे छोटे घर. मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या, दिव्यांनी लखलखणाऱ्या छोट्या घरांत किती मोठी घरे बुडतात, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना आम्ही सांगावे असे नाही.

राहिला ‘फियास्को’. इटालियन भाषेत फियास्को म्हणजे बाटली. रंगभूमीच्या बोलीत फसलेल्या प्रयोगाला हे नाव पडले आणि पुढे कोणत्याही फजितीला ते चिकटले. बाटलीचा आणि फजितीचा संबंध कसा जुळला, याविषयी पंडितांचे एकमत नाही. परंतु मास्तरांच्या गावाच्या इतिहासात तो एकदा चांगलाच जुळला होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीस जाताना नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरात थांबला. तिथे बादशहाचा पुत्र परवेझ याचा मुक्काम होता. रोने शाहजाद्याला जे नजराणे दिले, त्यांत बाटल्यांची एक पेटी होती. दरबारानंतर खासगीत पुन्हा भेटू, असे ठरले होते. ती भेट झालीच नाही; कारण शाहजादा नजराण्यातच धुंद झाला, असे रोने लिहून ठेवले आहे. फियास्को या शब्दाचे दोन्ही अर्थ इतक्या नेमकेपणाने एका ठिकाणी आल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

शब्दांची ही आवकजावक बुऱ्हाणपुराला नवी नाही. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा व्यापारी रस्ता या शहरातून जात असे. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरोपर्यंत, किंबहुना रशिया आणि पोलंडपर्यंत जाते, असे सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए नमूद करतो. त्या कापडाला आपण मलमल म्हणतो. इंग्रज त्याला ‘मस्लिन’ म्हणतो. हा शब्द त्याने फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी इटालियनांकडून आणि इटालियनांनी इराकमधल्या मोसुल शहराच्या नावावरून. माल एकाचा, नाव दुसऱ्याच्या गावाचे आणि बाजार तिसऱ्याचा, हा अनुभव विणकराला त्या काळापासून आहे.

परंतु बुऱ्हाणपुराकडून शिकण्यासारखी गोष्ट याहून मोठी आहे. तिथल्या जामा मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. १५९० च्या सुमाराचा हा लेख फारुकी घराण्याच्या राजवटीत कोरला गेला. सृष्टिकर्त्याला वंदन करून राजाची वंशावळ त्यात दिली आहे आणि हिजरी कालगणनेच्या जोडीला संवत व शकही दिले आहेत. ज्या प्रजेला अरबी वाचता येत नव्हती, तिच्यातल्या विद्वानांना तरी हे काय आहे ते कळावे, अशी सोय कोरणाऱ्याने केली. पुढे याच शहरात अब्दुल रहीम खानखाना वर्षानुवर्षे राहिला. तुर्की भाषेतले बाबराचे आत्मचरित्र त्याने फारसीत आणले आणि दोहे लिहिले ते लोकांच्या बोलीत. दरबाराची भाषा दरबारात आणि लोकांची भाषा लोकांत, हे तारतम्य त्याला होते. त्याच्याच काळात, १६१५ च्या आसपास, या शहराला पाणी पुरवणारी भुयारी व्यवस्था उभी राहिली. शंभराहून अधिक कुंड्या जमिनीखालच्या बोगद्याने एकमेकींना जोडल्या आहेत. तिला ‘कुंडी भंडारा’ म्हणतात आणि ‘खुनी भंडारा’ही म्हणतात. पहिले नाव ऐकणाऱ्याला पाणी आठवते, दुसरे ऐकणाऱ्याला रक्त! अक्षराच्या एवढ्याशा फरकाने तहान भागवणारी जागा भीतीची होते. शब्द नीट कळणे हे किती मोलाचे, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

इथे आमच्यापुढे जुना वाद उभा राहतो. परके शब्द हाकलून लावावेत, हा त्यावर उपाय नव्हे काय? या उपायामागची तळमळ आम्ही कमी लेखीत नाही. शिवछत्रपतींनी राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला. सुमारे चौदाशे शब्दांचा तो उद्योग म्हणजे स्वराज्याच्या स्वत्वाची खूण होती. सावरकरांच्या भाषाशुद्धीने दिलेले महापौर, दिनांक, हुतात्मा हे शब्द आज आपण सहज वापरतो. मात्र याच इतिहासाचे दुसरे पानही वाचले पाहिजे. प्रधान हे नाव कोशात आणि मुद्रेत मिरवले, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. आणि ज्यांच्या मराठीपणाविषयी शंका घेण्याची कोणाची छाती नाही, त्या एकनाथांनी कारभारातले फारसी शब्द सढळ हाताने वापरून ‘अर्जदस्त’ हे रूपक रचले. लोकांना सरकारी कागदाची ती भाषा परिचयाची होती, म्हणून नाथांनी तिच्यातूनच परमार्थ सांगितला.

आपल्या किनाऱ्याचे उदाहरण तर हाताशीच आहे. चावी, पगार, लिलाव, तुरुंग, काडतूस हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले. त्यांतल्या काडतुसाचा प्रवासही इटलीतूनच सुरू होतो. गोवामुक्तीसाठी ज्यांनी पोर्तुगिजांचा तुरुंग भोगला आणि पोर्तुगिजांच्या काडतुसांना छाती दिली, त्यांनी त्या यातना सांगताना हेच पोर्तुगीज शब्द वापरले आणि त्यांच्या देशभक्तीत काडीचेही न्यून आले नाही. कारण तुरुंग म्हटले, की काय ते शेंबड्या पोरालाही कळत होते.

आता त्या विणकराकडे वळू. त्याच्यापुढे जो कागद आला, त्यावर ‘गॅरंटर’ हा इंग्रजी शब्द होता. तो त्याला कळला नाही. समजा, तो कागद शासकीय हिंदीत असता, तर त्यावर काय असते? कराराच्या कायद्याच्या हिंदी पाठात या माणसाला ‘प्रतिभू’ म्हटले आहे. शब्द अस्सल संस्कृत, व्युत्पत्तीने निर्दोष आणि विणकराच्या दृष्टीने इंग्रजीइतकाच परका. याउलट ‘तू याला जामीन राहतोस काय?’ असे कोणी विचारले असते, तर त्याचा हात जागच्या जागी थांबला असता. जामीन हा शब्द अरबी. परंतु तो कळायला अरबी शिकावी लागत नाही. जामीन राहणे म्हणजे दुसऱ्याचे ओझे आपल्या मानेवर घेणे, हे बुऱ्हाणपुरातल्या हिंदूला ठाऊक आहे, मुसलमानाला ठाऊक आहे आणि रत्नागिरी-पणजीच्या बाजारातही ठाऊक आहे. तीन शब्दांपैकी इंग्रजीने घात केला असता, संस्कृतने वाचवले नसते आणि जो खऱ्या अर्थाने वाचवू शकला असता, तो कागदावर नव्हताच.

यातून आमच्या मते एकच निष्कर्ष निघतो. शब्द कोणत्या देशाचा, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याच्या आयुष्यावर त्या शब्दाचा परिणाम होणार, त्याला तो कळतो की नाही, हा प्रश्न मुख्य आहे. पाहुण्या शब्दाला अंगणात घ्यायला आमची ना नाही; पण त्याने आपले नाव-गाव सांगून यावे.

त्या विणकराच्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने कठोर आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. पैसा कोणी घेतला, याला तिथे महत्त्व नाही. आधी ऋणकोची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या, असे म्हणण्याची सोयही जामिनाला सहसा नसते. मात्र भरलेली रक्कम ऋणकोकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे आणि फसवून सही घेतली असेल, तर दाद मागण्याचा मार्गही मोकळा आहे. मास्तरांनी त्यांना घेऊन तातडीने एखाद्या जाणत्या वकिलाकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. नोटिशीचे उत्तर मुदतीत दिले पाहिजे. गप्प बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

परंतु एका विणकराला सल्ला देऊन आमचे कर्तव्य संपत नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदतकर्जासाठी एक नियम घालून दिला आहे. कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे, त्याला ते समजावून सांगावे आणि समजल्याची पोच घ्यावी, असा तो नियम. ऑक्टोबर २०२४ पासून नव्या कर्जांना तो लागू झाला. हा नियम स्वागतार्ह आहे. पण त्याची भाषा कर्जदारापुरती बोलते. ज्याने कर्जाचा एक रुपया पाहिलेला नसतो आणि तरीही ज्याची मान त्यात अडकते, त्या जामिनाला याच संरक्षणाची अधिक गरज आहे. त्याच्या सहीच्या वर, त्याच्या भाषेत, ठळक अक्षरांत एवढे एकच वाक्य छापणे सक्तीचे करावे: ‘कर्जदाराने पैसे भरले नाहीत, तर ते मला भरावे लागतील.’ यासाठी ना नवा शब्द लागतो, ना समिती लागते. चारशे वर्षांपूर्वी दगडावर दोन भाषांत कोरण्याची तसदी ज्यांनी घेतली, त्यांच्यापेक्षा आजच्या कागदावर छापणाऱ्यांचे श्रम नक्कीच कमी आहेत.

आमच्या वाचकांनाही एक सांगणे आहे. डुलाली किंवा फियास्को यांचा अर्थ ठाऊक नसला, तर कोणाचे काही बिघडत नाही. फार तर नातू हसेल. पण ज्या कागदावर सही करायची, त्यातला एकही शब्द न कळता पुढे जाऊ नये. ‘याचा अर्थ काय?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. कमीपणा असलाच, तर तो ज्याला सांगता येत नाही आणि तरीही जो सही मागतो, त्याचा आहे.

जाता जाता मास्तरांच्या यादीत आम्ही आमच्याकडून एका शब्दाची भर घालतो. ‘गॅरंटी’ आणि ‘वॉरंट’ हे दोन शब्द एकाच घराण्यातले आहेत. एकाच मुळाची ही दोन रूपे. वॉरंट म्हटले, की आपला माणूस दचकतो. गॅरंटी म्हटले, की निर्धास्त होतो. पुढच्या वेळी कोणी ‘गॅरंटर म्हणून सही कर’ असे म्हणाले, तर त्याने या नातलगाची आठवण ठेवावी आणि आधी थोडे दचकावे.